मुरमावर शिकलेले हात

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "हॉकी खेळणाऱ्या नव्या मुलांसाठी काहीतरी लिहा. करिअर कसं घडवावं, मन कसं खंबीर ठेवावं, असं." मी हो म्हणालो. या विषयावर बोलायची मला सवय आहे. तालुक्यातल्या बक्षीस समारंभांत शाल आणि नारळ घेऊन हे भाषण मी पुष्कळदा केलंय. पण लिहायला बसलो आणि 'मन खंबीर ठेवा' इथं येऊन पेन अडला. ज्या ज्या मुलांना मी हे सांगितलं, ती एकेक करून समोर येऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढं मनीषा होती.

म्हणून भाषण बाजूला ठेवतो आणि मनीषाची हकीकत सांगतो. मुलांनी त्यातून घ्यायचं ते घ्यावं. माझ्यासारख्या सरांनी जरा जास्त घ्यावं.

मी देवळाली प्रवराजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. नगरला लष्कराची छावणी असल्यामुळं आमच्या जिल्ह्यात काही गावांना हॉकी माहीत आहे. आमच्या शाळेत ती एका निवृत्त हवालदारांनी आणली. मी त्यांच्या हाताखाली खेळलो, आणि नोकरी लागल्यावर त्यांच्याच मैदानावर त्यांनी शिकवलं तसंच शिकवू लागलो. मैदान म्हणजे दाबलेला मुरूम. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला ऊस. उसात गेलेला चेंडू आणायला ज्याला पाठवावं तो तोंड हलवतच परत येतो, आणि विचारलं तर "सर, सापडतच नव्हता" म्हणतो.

हॉकी न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पेपरात फोटो गोल मारणाऱ्याचा येतो, पण सगळा खेळ उभा असतो चेंडू अडवण्यावर. आलेला चेंडू स्टिकवर थांबला तर पुढचं सगळं. आणि मुरमावर चेंडू सरळ कधी येत नाही. खड्याला लागून उसळतो, कधी गुडघ्यापर्यंत येतो. म्हणून आमच्याकडं स्टिक उभी धरायची, हात वर ठेवायचे, आणि चेंडू उसळेल हे गृहीत धरूनच उभं राहायचं. हात खाली नेला तर मुरूम बोटांच्या सांध्यांची सालं काढतो. नव्या पोरांच्या हातांवर पहिला महिना खपल्या असतात. त्यासाठी मी मैदानाच्या कडेनं सतत ओरडत असतो, "हात वर! हात वर!" इतकं की गावात माझं नावच हातवर सर पडलं. आठवडे बाजारातली भाजीवाली मावशीसुद्धा म्हणते, "हातवर सर, मेथी देऊ का? का हात खाली करून घेताय?"

मला या नावाचा अभिमान होता. आमची मुलं जिल्ह्यात कुणाला ऐकत नसत. खराब मैदानावर आमच्यासारखा चेंडू कुणी अडवत नसे. पुढं विभागावर गेलो की मात्र हरायचो. विभागाचे सामने शहरातल्या टर्फवर असतात. टर्फ म्हणजे कृत्रिम गवताचं सपाट मैदान, त्यावर खेळाआधी पाणी मारतात. तिथं चेंडू उसळत नाही, जमिनीला चिकटून सुसाट येतो. दरवर्षी तिथं आमची मुलं हरायची आणि परतीच्या एसटीत मी त्यांना सांगायचो, "तुम्ही शहर बघून घाबरलात. खेळ आहे तुमच्यात, काळीज नाही." माझी तेवढीच मीमांसा होती. कुठल्याच वर्षी ती मी पुन्हा तपासली नाही.

मनीषा साळवे ही या मैदानानं घडवलेली सर्वांत चांगली बचावपटू. घर बौद्ध विहाराच्या मागं. वडील ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, हंगामात उसाच्या खेपा, एरवी मिळेल तिकडं, त्यामुळं घरी कमी. आई शोभाताई अंगणवाडीत मदतनीस. मनीषा सहावीत स्टिक धरायला लागली आणि दहावीपर्यंत अशी झाली की समोरच्या संघातली मुलं तिच्या बाजूनं यायचंच टाळायची. बोलायची कमी. चेंडू अडवला की जिभेनं 'टक्' असा आवाज काढायची, एवढाच तिचा जल्लोष.

दहावीनंतर तिची शहरातल्या निवासी क्रीडा प्रबोधिनीसाठी निवड झाली. राहणं, खाणं, शिकणं आणि रोज टर्फवर सराव. आमच्या शाळेतून तिथं जाणारी ती पहिलीच. गावानं ट्रॉलीवर डीजे लावून मिरवणूक काढली. स्टँडवर फ्लेक्स लागला, त्यात मनीषाचा फोटो होता आणि माझा तिच्यापेक्षा थोडा मोठा होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं तसं करायला. पण काढायलाही सांगितलं नाही.

निघताना तिनं पाया पडून विचारलं, "सर, तिथं जमंल ना मला?"

मी म्हणालो, "न जमायला काय झालं? गावाचं नाव राख."

आता वाटतं, सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर गाव कशाला ठेवलं मी? तिची पेटीच तिला उचलत नव्हती.

पावसाळ्यात तिचे फोन यायला लागले. वसतिगृहात रविवारी फोन मिळायचा. आधी आईला करायची, मग मला.

"सर, चेंडू स्टिकखालून जातोय."

"कुणाच्या?"

"माझ्याच. रोज जातोय. इथल्या मॅडम म्हणत्यात खाली बस, हात जमिनीला लाव. मी बसते, पण हात आपोआप वर येत्यात. पोरी हसत्यात."

मनीषानं मला त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. दुखणंही आणि कारणही. ऐकणारा शहाणा असता तर तिथंच गोष्ट संपली असती. मी म्हणालो, "हात-बित काही नाही. तू घाबरतेस. मन खंबीर ठेव. आपल्या मैदानावर तुझ्या हातून चेंडू सुटला होता का कधी?"

"न्हाई सर."

"मग? हात तेच आहेत ना?"

"व्हय सर."

हात तेच होते, आणि घोटाळा तोच होता. पण हे मला कळायला वेळ लागला.

पुढचे सगळे रविवार असेच. ती सांगायची झोप लागत नाही, मी सांगायचो पहाटे उठून पळ, आपोआप लागेल. ती सांगायची जेवण जात नाही, मी सांगायचो घरची आठवण काढू नकोस. एकदा शोभाताई बाजारात भेटल्या. "कशी हाय वो सर आमची मनी? मला तर नुसती रडती." मी पिशवी हातात धरून, चार माणसांत, त्या माउलीला सांगितलं, "खेळ चांगला आहे, पण मुलगी मनानं कच्ची निघाली. तुम्ही फोन कमी करा. रडायला खांदा मिळाला की माणूस रडतच राहतं."

शोभाताईंनी ऐकलं. सरांनी सांगितलं म्हणून त्यांनी आठवड्याचा फोन दोन आठवड्यांवर नेला. माझ्या आयुष्यात मी दिलेल्या सल्ल्यांपैकी हा एक मला परत घेता आला तर बाकी सगळे राहिले तरी चालतील.

दिवाळीला मनीषा घरी आली. गालाची हाडं वर आली होती. मी तिला मैदानावर बोलावून घेतलं. लहान मुलांना गोलात बसवलं आणि म्हणालो, "ताई आता तुम्हाला चार शब्द सांगेल." एका चिमुरडीनं विचारलं, "ताई, तिथं कसं असतं?"  मनीषानं हातातली स्टिक खाली ठेवली आणि उसाच्या बांधानं सरळ घरी निघून गेली. मी मुलांना म्हणालो, "दमलीय ती." स्टिक उचलून क्रीडासाहित्याच्या खोलीत ठेवली.

सुट्टी संपली, पण ती परत गेली नाही. खोलीतून बाहेर पडत नव्हती, रात्रभर जागी असायची. मी माझ्या परीनं उपाय केले. मैत्रिणींना समजवायला पाठवलं, मुख्याध्यापकांना पाठवलं. माझी बायकोही शिक्षिका आहे. ती मला म्हणाली, "सगळ्या गावाला पाठवताय. पण तिचं काय म्हणणं आहे ते कुणी ऐकलंय का?" मी म्हणालो, "ती काही बोलतच नाही." बायको भाजी चिरत राहिली.

मग एक दिवस शोभाताई शाळेत आल्या. मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"सर, तुमी तिला कच्ची म्हनले."

"शोभाताई, बसा तरी."

"बसायला न्हाई आले. बाजारात म्हनले ते वस्तीत समद्यांना ठाव झालं. आता कुनी बी येतं आन् तिला सांगतं, मन घट्ट कर गं. कशानं घट्ट करायचं? दोरीनं आवळायचं का? पोरगी आरशात बघत न्हाई. काल मला म्हनती, आई, माझ्यात काहीतरी कमी हाय, सरांनी ओळखलं. सर, तुमी देवासारखे हुते तिला. म्हनून तर तुमचा शब्द लागला. दुसऱ्या कुनी म्हनलं असतं तर तिनं स्टिकच दावली असती त्याला."

सगळे शिक्षक वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. शोभाताई पुढं म्हणाल्या, "मी तिला नगरला मनाच्या डॉक्टरकडं नेतीय. वस्तीतली म्हनत्यात येड्याचा दवाखाना. म्हनूं द्या. ताप आला तर नेतो ना आपन?"

"मी येऊ का बरोबर?"

त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. "या. तुमाला बी दाखवायला पायजे."

मी गेलो. एसटीत त्या दोघी पुढं, मी मागं. डॉक्टर बाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही वडील?"

"नाही, मी सर. मीच तिला घडवलंय."

"मग तुम्ही बाहेर बसा," त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या.

मी बाहेर बाकावर बसलो. तिथं कॉलेजची मुलं होती, एक म्हातारे शेतकरी होते, एक पोलीस शिपाई होता. कुणीही येडं नव्हतं. सगळे आपापला नंबर यायची वाट बघत होते, जशी दाताच्या दवाखान्यात बघतात. आत मनीषा बराच वेळ बोलत होती असं नंतर शोभाताई म्हणाल्या. मला आठवेना की ती माझ्यासमोर कधी बराच वेळ बोलली होती का. डॉक्टर बाईंनी झोपेसाठी काही दिवसांचं औषध दिलं आणि दर पंधरवड्याला बोलायला बोलावलं. निघताना मी विचारलं, "खेळेल ना ती परत?" त्या म्हणाल्या, "आधी झोपू द्या तिला. खेळायचं की नाही ते तीच सांगेल." मला ते उत्तर मुळीच आवडलं नव्हतं.

मार्गशीर्षात मी शाळेचा संघ घेऊन विभागाच्या सामन्यांना गेलो. तेच टर्फ, तेच हिरवंगार, ओलं. सामना सुरू झाला आणि पहिलाच चेंडू आमच्या बचावपटूच्या स्टिकखालून गेला. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. मी कडेनं सवयीप्रमाणं ओरडत होतो, "हात वर! हात वर!"

शेजारी दुसऱ्या शाळेचे एक तरुण सर उभे होते. ते जरा संकोचून म्हणाले, "सर, राग मानू नका. तुम्ही हात वर म्हणताय आणि पोरं बिचारी हात वर करतायत. चेंडू खाली आहे."

मी बघितलं. दरवर्षी बघत होतो, पण चेंडू बघत होतो. त्या दिवशी हात बघितले. माझी सगळी मुलं एकाच पद्धतीनं उभी होती. स्टिक उभी, हात वर, न येणाऱ्या उसळीची वाट बघत. समोरच्या संघाची मुलं पार खाली बसून स्टिक जमिनीवर आडवी टाकत होती, डाव्या हाताची बोटं टर्फला घासत होती. त्यांच्या त्या हातात मोजे होते. माझ्या एकाही मुलाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. होतं ते आश्चर्य. त्यांचे हात त्यांना शिकवलेलं काम चोख करत होते.

असं कसं झालं, मला टर्फ माहीत नव्हतं का, असं कुणी विचारेल. माहीत होतं. टर्फवर चेंडू खाली राहतो, स्टिक आडवी टाकतात, हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय. पण टर्फवर आम्ही वर्षातून एकदा जायचो, बहुधा एकच सामना खेळायचो आणि हरून यायचो. एका दिवसासाठी वर्षभराचं शिकवणं कोण बदलतो? आणि खरं सांगायचं तर, मुलं घाबरली असं म्हटलं की माझ्या शिकवण्याकडं बोट येत नव्हतं.

त्या परतीच्या एसटीत मी काहीच बोललो नाही. मुलांना वाटलं, सर फारच चिडलेत.

नंतर मी जुन्या काही मुलांना फोन केले. त्यात तिसगावचा अक्षय होता. तो आमच्या गावात मामाकडं राहून शिकला, उत्तम खेळायचा. त्यालाही मी टर्फवरच्या पराभवानंतर काळीज नाही म्हणालो होतो. वर बारावीच्या वर्षी "शाळा कुठं पळून जाते का, आधी स्टिक" असंही सांगितलं होतं. खेळाडूंच्या राखीव जागेतून भरती होण्याची वाट बघता बघता त्याचं वय निघून गेलं. आता टेम्पो आहे त्याचा, बरं चाललंय. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "सोडा हो सर, कवाच विसरलो मी ते." मग म्हणाला, "पण सर, मी घाबरलो नव्हतो."

अक्षयवरून त्याच्याच गावाकडचा एक बाप आठवतो. मुलाला घेऊन आला होता. "सर, याला सर्टिफिकेटापुरता खेळवा."

"हॉकी येते का त्याला?"

"क्रिकेट येतं. काठी दोनीकडं हायच की."

मी त्याला हाकलून दिलं आणि शिक्षकांच्या खोलीत तो किस्सा पुष्कळ दिवस रंगवून सांगितला. मार्ग चुकीचा होता त्याचा. पण पोरानं पुढं काय खायचं, हा प्रश्न त्या बापाला पडला होता. मला माझ्या मुलांबद्दल तो पडला नव्हता. म्हणून इथं एक सल्ला देऊनच टाकतो. मुलांनो, हॉकी खेळा, जीव लावून खेळा, पण वर्ग सोडू नका. गुडघा एका दुपारी जातो. पदवी हातात असली तर पुढं भरती, शिक्षकी, पंचगिरी, फिजिओ, काही ना काही दार असतं. 'आधी स्टिक' म्हणणारा सर भेटला तर त्याला माझा पत्ता द्या.

मनीषाकडं जायला मात्र मला आठवडा लागला. रोज संध्याकाळी विहारापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. शेवटी एका रविवारी गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. रंग जरा बरा होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, टर्फ, मुलांचे हात, ते तरुण सर, सगळं. म्हणालो, "तू कच्ची नव्हतीस. मी शिकवलेलं इतकं पक्कं बसलं होतं तुझ्या हातात, की ते निघत नव्हतं. तू मला सांगितलंसही. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. "सर, अजून कानात वाजतं ते. मी खाली बसले की तुमचा आवाज येतो, हात वर. मग हात वर येत्यात. मॅडमना कसं सांगनार, की आवाज येतो? त्यांना वाटलं असतं, गेली कामातून."

आतून शोभाताई म्हणाल्या, "चहा टाकलाय. आता आलात तर बसा."

त्यानंतर मला जे सुचलं ते मी कुठल्या प्रशिक्षण वर्गात शिकलो नव्हतो. आमच्याकडं टर्फ नाही, जवळपासही नाही. पण पौष लागला होता. पौषात लग्नं नसतात, आणि आमच्या रस्त्यावरचं मंगल कार्यालय रिकामं होतं. त्याची फरशी आरशासारखी. मी मालकाकडं गेलो.

"हॉकी? आत?" तो म्हणाला. "सर, नवरीसारखी जपतो मी फरशी. चरा पडला तर?"

"स्टिकला कापडी पट्टी गुंडाळतो. आणि नुसतं ढकलायचं, फटका नाही."

"आन् पानी कशाला मारायचं म्हनता?"

"चेंडू खाली राहावा म्हणून."

त्यानं कपाळावर हात मारला, पण किल्ली दिली.

मनीषाला मी 'ये' म्हणालो नव्हतो. एवढंच सांगितलं होतं की मी लहान मुलांना घेऊन तिथं जातोय, मला स्वतःला पहिल्यापासून शिकायचंय, आणि आपल्यात टर्फवर राहिलेलं दुसरं कुणी नाही. दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी आईबरोबर आली आणि जिथं लग्नात वरमाया बसतात त्या खुर्चीवर बसली. मी खाली वाकून एका मुलीचे चेंडू अडवत होतो. एकही अडत नव्हता. वीस वर्षांची सवय. चेंडू सुटला की हात आपोआप वर यायचे. एकदा तर पाय घसरून नवरदेवासाठी असतं त्या स्टेजच्या पायरीवर जाऊन बसलो. मुलं तोंड दाबून हसत होती.

"सर," खुर्चीवरून आवाज आला, "हात खाली."

"खालीच आहेत!"

"न्हाई. बघा ना तुमी. वर हायत."

मी बघितलं. वर होते.

ती उठून आली, माझ्याजवळ बसली आणि माझा डावा हात धरून बोटांचे सांधे फरशीला टेकवले. "असा. चेंडू दिसला तरी हात उचलायचा न्हाई. भीती नका बाळगू सर, हितं मुरूम न्हाई." आणि मग ती हसली. ती प्रबोधिनीला गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. साहित्याच्या खोलीतून मी तिची स्टिक बरोबर आणली होती, पण मुद्दाम दाराशी ठेवली होती. ती तिनं त्या दिवशी घेतली नाही. पुढच्या रविवारी घेतली.

ती लगेच बरी झाली असं लिहिलं तर खोटं होईल. डॉक्टर बाईंकडं जाणं वर्षभर चालू होतं. काही आठवडे चांगले जायचे, काही वाईट. प्रबोधिनीतली जागा गेली होती. तिनं बारावी इथूनच केली, मार्क चांगले पडले. आणि या उन्हाळ्यात शहरातल्या एका कॉलेजच्या हॉकी संघाची निवड चाचणी निघाली. कॉलेजजवळ टर्फ होतं.

ती सांगायला घरी आली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'जा, दाखव त्यांना' वगैरे. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पीत राहिलो.

"काही बोलत न्हाईत, सर?"

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुठल्याच मुलाला विचारला नव्हता. 

तिनं विचार केला. "मला खेळायचंय. पण न्हाई जमलं तर घरी येईन, आन् तुमी कुनाला काय सांगायचं न्हाई. बाजारात तर न्हाईच."

"नाही सांगणार."

"आन् फ्लेक्स लावायचा न्हाई."

"नाही लावणार."

"लावलाच तर तुमचा फोटो बारीक."

तिची निवड झाली. फ्लेक्स लागला नाही. मैदानावर मी आता दोन्ही शिकवतो, मुरमावर हात वर, कार्यालयात हात खाली. गावानं माझं नाव मात्र बदललेलं नाही. आणि मुलगा हरून आला की काळजाबद्दल मी बोलत नाही, आधी हात बघतो. हातही ठीक असले तर विचारतो, झोप लागते का, जेवतोस का, घरी कुणाशी बोलतोस का. उत्तर नीट आलं नाही तर नगरचा पत्ता देतो, आणि हवं असेल तर बरोबरही जातो. बाहेर बसतो.

मुलांनो, तुमच्यासाठी एवढंच. काही बिनसलं तर पहिल्यांदा स्वतःला कच्चं म्हणू नका. कदाचित तुम्हाला शिकवलेलंच त्या मैदानाचं नसेल. ते शिकवणाऱ्याला सांगा. त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, आईला सांगा, डॉक्टरांना सांगा. फोन कमी करू नका.

मनीषाचा फोन रविवारी येतो. हा लेख पुरा करताना गेल्या रविवारी आला होता.

"सर, काल हरलो आमी."

"बरं."

"दोन चेंडू गेले माझ्या स्टिकखालून."

जुनं वाक्य घशापर्यंत आलं. ते तिथंच राहू दिलं. "मग?"

"मग काय? मेसमधी खिचडी हुती, लई बेकार, पण जेवले. आन् रात्री पडल्या पडल्या झोप लागली. सकाळी मैत्रिनीनं उठवलं तवा उठले."

मी हातातला पेन खाली ठेवला. पलीकडून ती म्हणाली, "सर? हायात का?"

"आहे, आहे," मी म्हणालो. "ऐकतोय. बोल तू."